मोटारीच्या अपघाती नुकसानीची विमा-नोंद : वर्ग, वर्गनामे आणि त्यांचे मोल

नगर-मनमाड रस्त्यावर ऊसतोडणीच्या हंगामात, रात्रीच्या वेळी, एखादी खासगी मोटार पुढे चाललेल्या उसाच्या ट्रेलरवर मागून आदळली असे क्षणभर गृहीत धरावे. राहुरी-कोपरगाव पट्ट्यातील रहदारी ज्याने पाहिली आहे त्याला ही कल्पना करण्यास कष्ट पडणार नाहीत. या एका घटनेचे वर्णन पुढील काही दिवसांत निदान तीन वेळा लिहिले जाते. मोटारीचा मालक, म्हणजे विमेदार, ते दावापत्रात लिहितो. पोलिसांकडे खबर गेली असल्यास पंचनाम्यात ते पंचांच्या तोंडून लिहिले जाते. आणि विमा कंपनीने नेमलेला सर्वेक्षक ते आपल्या अहवालात लिहितो. घटना एक, वर्णने तीन; आणि तिन्हींची भाषा, वाक्यरचना व प्रयोजन ही परस्परांहून भिन्न. भरपाईची रक्कम प्रामुख्याने तिसऱ्या वर्णनावरून ठरते. त्या वर्णनात नुकसानीचे जे वर्ग पाडलेले असतात ते मोटारीचे काय झाले एवढेच सांगणारे नसून, कोणत्या गोष्टीचे किती पैसे द्यावयाचे हे सांगणारे असतात. विमेदाराच्या बोलण्यातील वर्ग आणि नोंदीतील वर्ग यांची जेथे फारकत होते तेथे त्याला पदरमोड करावी लागते, आणि बहुधा ती का करावी लागली हे त्याला कळत नाही. प्रस्तुत लेखात ही फारकत कोठे व कशी होते ते पाहावयाचे आहे.

प्रथम या नोंदीच्या घडणीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. त्रयस्थाला पोचणाऱ्या इजेचा विमा भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या आठव्या प्रकरणाने सक्तीचा झाला. ते प्रकरण प्रत्यक्ष अमलात आले १ जुलै १९४६ पासून. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे-नगर मार्गावर धावली तेव्हा ही सक्ती उणीपुरी दोन वर्षांची होती. स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा विमा मात्र तेव्हाही ऐच्छिक होता आणि १९८८ च्या कायद्यानंतरही ऐच्छिकच राहिला. सर्वेक्षकाला परवाना असला पाहिजे ही अट १९३८ च्या विमा कायद्यात १९६८ च्या दुरुस्तीने आली. १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले; पुढे खासगी कंपन्या पुन्हा आल्या. १ जुलै २००२ पासून अखिल भारतीय मोटार दरपत्रक नव्या स्वरूपात लागू झाले आणि त्यातच विमापत्राची प्रमाण शब्दयोजनाही दिलेली होती. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर कंपन्यांच्या मर्जीवर सोडण्यात आले, परंतु ती शब्दयोजना बव्हंशी तशीच चालू राहिली. नगरच्या मालकाने कोणत्याही कंपनीचे विमापत्र घेतले तरी नुकसानीचे वर्ग त्याला जवळपास एकाच साच्याचे मिळतात याचे कारण हे होय.

या साच्यातील पहिला भेद कारणाचा आहे. आग, स्फोट, स्वयंज्वलन व वीज, घरफोडी व चोरी, दंगल व संप, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, दुष्ट हेतूने केलेले कृत्य, दहशतवादी कृत्य, वाहतुकीत असताना झालेली हानी, दरड कोसळणे अशी कारणांची एक यादी विमापत्रात असते. या नावनिशीवार यादीतच ‘अपघाती बाह्य कारण’ असे एक व्यापक पद ठेवलेले असते, आणि रस्त्यावरील बहुतेक धडका त्यातच पडतात. पदातील दोन्ही विशेषणे कामाची आहेत. जे झाले ते अपघाताने झालेले हवे आणि बाहेरून झालेले हवे. आतून झालेले सारे वगळलेल्या गोष्टींत जाते : झीज, घसारा, यांत्रिक वा विजेच्या भागांतील बिघाड व मोडतोड, आणि परिणामतः ओढवलेली हानी.

आता मराठी बोलणाऱ्याच्या दृष्टीने या भेदाकडे पाहावे. ‘अ‍ॅक्सल मोडून गाडी खड्ड्यात गेली’ आणि ‘गाडी खड्ड्यात जाऊन अ‍ॅक्सल मोडला’ ही दोन वाक्ये गावात कोणी कशीही बोलून जाईल. घडून गेलेल्या आपत्तीचे वर्णन करताना क्रमाकडे कोणाचे लक्ष असते? परंतु मराठीतील ‘-ऊन’ हे धातुसाधित पूर्वकालाबरोबरच बहुधा कारणही सुचविते. पहिल्या वाक्यात अ‍ॅक्सलचे मोडणे आधीचे आहे, म्हणजे ते आतून आले. तो यांत्रिक बिघाड ठरून अ‍ॅक्सलची किंमत नाकारली जाण्याचा संभव आहे, आणि पुढे खड्ड्यात आदळून पत्र्याला आलेले पोचे तेवढे अपघाती ठरतील. दुसऱ्या वाक्यात अ‍ॅक्सलदेखील बाह्य कारणाने मोडला आहे. टायरची गोष्ट याहून नाजूक. टायर व ट्यूब यांची हानी, मोटारीलाही त्याच वेळी हानी पोचली असेल तरच भरून मिळते, आणि तीही बदलाच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत. ‘टायर फुटून गाडी उलटली’ असे दावापत्रात लिहिणारा मनुष्य खरेच सांगत असतो. पण त्याच वेळी म्हणजे नेमके केव्हा, हा प्रश्न तो न कळत उभा करीत असतो. यावरून विमेदाराने वाक्य फिरवून लिहावे असा अर्थ कोणी घेऊ नये. सर्वेक्षक मोडलेल्या भागाचे तोंड पाहतो. जुनी, गंज चढलेली चीर आणि ताजी, चकाकणारी चीर यांतील फरक त्याच्या डोळ्यांना दिसतो. सांगावयाचे आहे ते एवढेच की क्रम हा येथे शैलीचा भाग नसून वर्गीकरणाचा आधार आहे.

परिणामतः ओढवलेल्या हानीचे ठळक उदाहरण पुराचे. गोदावरीला पूर येऊन कोपरगावात पाणी शिरले आणि उभ्या मोटारीच्या आसनांत व तारांत ते गेले, तर ती हानी ‘पूर’ या नावाखाली सरळ बसते. मालकाने पाणी ओसरल्यावर किल्ली फिरविली आणि इंजिनात ओढल्या गेलेल्या पाण्याने आतील दांडे वाकले, तर कंपनी म्हणते की ही हानी पुराची नव्हे, किल्ली फिरविण्याची. या मुद्द्यावर ग्राहक आयोगांपुढे वाद झालेले आहेत. इंजिनासाठी वेगळा हप्ता घेऊन वेगळे संरक्षण विकण्याचा प्रघातही पडला आहे. सामान्य बोलीत ‘पुरात गाडी गेली’ या तीन शब्दांत जे एक असते त्याचे नोंदीत असे दोन तुकडे होतात.

कारणाचा प्रश्न सुटला की नोंद द्रव्याकडे वळते, आणि येथे विषय खरा रंगतदार आहे. सर्वेक्षकाच्या तक्त्यात बदलावयाच्या भागांची वर्गवारी ते कशाचे बनले आहेत यावरून होते. रबर, नायलॉन व प्लास्टिक यांचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि हवेच्या पिशव्या यांवर शेकडा ५० घसारा. काचतंतूंच्या भागांवर शेकडा ३०. काचेवर काही नाही. आणि उरलेल्या सर्व भागांवर, ज्यांत लाकडी भागही धरलेले आहेत, मोटारीच्या वयाप्रमाणे. हे वय सहा महिन्यांपर्यंत असल्यास घसारा शून्य, एक वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे शेकडा ५०. रंगकामात केवळ रंगसाहित्याच्या खर्चावर निम्मा घसारा कापतात, आणि देयकात साहित्य व मजुरी वेगळी दाखविली नसेल तर एकूण रंगखर्चाचा चतुर्थांश साहित्याचा मानतात.

ट्रेलरवर आदळलेली मोटार साडेतीन वर्षांची आहे असे धरू, आणि हिशेबाच्या सोयीसाठी काही रकमा कल्पू. पुढचा बंपर ६,००० रुपये, बॉनेट १२,०००, एक दिवा ८,०००, पुढची मोठी काच ७,००० आणि रंगकाम एकत्रित १०,०००. बसविण्याची मजुरी तूर्त बाजूला ठेवू. एकूण ४३,००० झाले. बंपर प्लास्टिकचा, त्याचे ३,००० मिळतील. बॉनेट लोखंडी, वय तीन ते चार वर्षे, म्हणून ९,०००. मोठी काच पूर्ण ७,०००. रंगकामातील साहित्य २,५०० चे मानून त्याचे निम्मे वजा केले की ८,७५० उरतात. राहिला दिवा. नगरच्या कोणत्याही गॅरेजात मालक काय सांगतो? ‘लाइटची काच फुटली.’ एके काळी ती खरोखर काच होती. आज बहुतेक मोटारींच्या पुढील दिव्यांचे आवरण पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकचे असते. वस्तू बदलली, नाव तेच राहिले. भाषेच्या इतिहासात ही नित्याची गोष्ट आहे, आणि बोलणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही. नोंदीत मात्र ‘काच’ या वर्गाला घसारा नाही आणि ‘प्लास्टिक’ या वर्गाला निम्मा आहे. दिव्याचे ८,००० ऐवजी ४,००० मिळतात. बेरीज ३१,७५० येते. पंधराशे घन सेंटिमीटरपर्यंतच्या खासगी मोटारीस विमेदाराने सोसावयाचा सक्तीचा भाग १,००० रुपयांचा आहे. तो वजा जाता ३०,७५०. मालकाच्या खिशातून १२,२५० गेले, आणि त्यांतील ४,००० एका शब्दाच्या जुन्या व नव्या अर्थांमधील अंतराचे आहेत. हाच अपघात सात महिन्यांनी झाला असता तर मोटार चार वर्षांची रेषा ओलांडून गेली असती आणि त्याच बॉनेटचे ९,००० ऐवजी ७,८०० मिळाले असते. जादा हप्ता भरून घसारा माफ करवून घेण्याची सोय असते. ती घेतलेल्या विमेदाराला या द्रव्यभेदाची झळ फारशी लागत नाही.

द्रव्याचे वर्गीकरण मराठीला अपरिचित आहे असे मात्र नाही. उलट मराठीची क्रियापदे या बाबतीत तक्त्याहून सूक्ष्म आहेत. काच फुटते किंवा तडकते, पत्रा चेपतो, पिचकतो, फाटतो, त्याला पोचा येतो, तार आणि पट्टा तुटतो, दांडा वाकतो किंवा मोडतो, सांगाडा पिळवटतो, झाकण निखळते, रंगाला ओरखडा किंवा चरा पडतो. यांपैकी एकाचे क्रियापद दुसऱ्याला सहसा लागत नाही. तार फुटली किंवा काच फाटली असे मराठी मनुष्य म्हणणार नाही. म्हणजे क्रियापदातच वस्तूचा आकार, तिचे द्रव्य आणि हानीची तऱ्हा ही तिन्ही गोविलेली असतात. प्लास्टिकचा बंपर या व्यवस्थेत नवखा असल्याने त्याच्याबाबत बोली अजून चाचपडते : कोणी ‘फुटला’ म्हणतो, कोणी ‘तुटला’, कोणी ‘फाटला’.

इंग्रजीत लिहिल्या जाणाऱ्या सर्वेक्षण-अहवालात ही विविधता बहुधा चार-पाच शब्दांवर येते : डेंटेड, बेंट, क्रॅक्ड, ब्रोकन, स्क्रॅच्ड. आणि त्यांपुढे खरा निर्णायक रकाना असतो तो दोनच उत्तरांचा, ‘दुरुस्ती’ की ‘बदल’. वर्णन हे निर्णयाचे समर्थन म्हणून येते. चेपलेला पत्रा ठोकून पूर्ववत करता येतो, म्हणून दुरुस्ती. फाटलेला पत्रा, तडकलेली काच, वाकलेला सुकाणूचा दांडा यांना सुरक्षिततेच्या दृष्टीने बदल. यांच्यामध्ये जो विस्तृत टापू आहे तेथे गॅरेजवाला, मालक आणि सर्वेक्षक यांचे हितसंबंध वेगवेगळ्या दिशांनी ओढतात. मालकाला नवा भाग हवा असतो. कंपनीला ठोकून चालेल तेथे ठोकणे स्वस्त पडते. आणि ‘बदल’ मंजूर झाला तरी जुना भाग भंगार म्हणून कोणाकडे जातो व त्याची किती किंमत वजा होते, हा आणखी एक रकाना असतोच. केडगावच्या किंवा संगमनेरच्या कारागिराने ‘हा पत्रा बसतो’ असे म्हटले तर त्याचा अर्थ हा भाग ठोकून जागेवर आणता येतो असा आहे. त्याच्या या एका क्रियापदात रकान्याचे उत्तर आधीच आलेले असते.

सर्वेक्षकाला आणखी एक निवाडा करावा लागतो : कोणती हानी या अपघाताची आणि कोणती आधीची. चऱ्यात साठलेली धूळ, पोच्याच्या कडेला धरलेला गंज, मागे कधी तरी भरलेल्या लांबीचे पडलेले पोपडे ही जुन्याची लक्षणे. याखेरीज तो सांगितलेली हकिकत आणि हानीची जागा यांचा मेळ घालून पाहतो. उसाच्या ट्रेलरचा मागचा काठ मोटारीच्या बंपरपेक्षा उंच असतो. मोटार त्याखाली घुसल्यास बॉनेटची वरची बाजू, काच आणि टप यांवर आघात येतो व बंपर पुष्कळदा थोडक्यात बचावतो. तेव्हा हकिकत ट्रेलरची आणि मोडलेला फक्त बंपर, असे दिसले तर सर्वेक्षकाने प्रश्न विचारणे रास्तच आहे. त्याचा अहवाल तरीही अंतिम शब्द नव्हे. तो महत्त्वाचा असला तरी त्यापासून दूर जाताच येत नाही असे नाही, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २००९ मधील एका निकालात घालून दिला आहे. नगरच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे जाणाऱ्या विमेदाराला याच दंडकाचा आधार असतो, परंतु अहवालाला उत्तर द्यावयाचे तर त्यातील वर्ग प्रथम समजले पाहिजेत.

पंचनाम्याची भाषा या सर्वांहून वेगळी. ‘पंच’ आणि फारसी ‘नामा’ यांचा हा जोडशब्द जसा मिश्र, तशीच त्याची शैलीही जुन्या दप्तराची. ‘गाडीचे पुढील बाजूस’, ‘ठोकर लागलेने’, ‘नुकसान झालेचे दिसते’ अशा प्रयोगांत प्रमाण मराठीतील ‘च्या’ व ‘ल्या’ यांच्या जागी ‘चे’ व ‘ले’ येतात. कचेरीच्या लेखनाखेरीज अन्यत्र ही रूपे आता क्वचितच भेटतात. या शैलीत कर्ता सहसा लोपलेला असतो. ‘गाडीने ट्रेलरला धडक दिली’ आणि ‘ट्रेलरची गाडीला धडक बसली’ यांत दोष कोणाचा याचा सूर पूर्णपणे बदलतो. विमापत्राच्या ज्या भागात स्वतःच्या मोटारीची भरपाई आहे तेथे या सुराला फारसे महत्त्व नाही, कारण चालकाच्या निष्काळजीपणानेही झालेली हानी तेथे भरून मिळते. ज्या भागात त्रयस्थाच्या इजेची जबाबदारी आहे तेथे मात्र चूक कोणाची यावर बहुतेक सारे अवलंबून असते. एकाच पंचनाम्यातील एकच वाक्य दोन दाव्यांत दोन वजनांचे ठरते ते असे.

अपघातात कोणी जखमी वा मृत झाले असेल तर लेखनाचा पसारा वाढतो. मोटार वाहन निरीक्षक १९८८ च्या कायद्याच्या कलम १३६ प्रमाणे वाहन तपासतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. निरीक्षकाच्या तपासणीचा रोख ब्रेक, सुकाणू आणि दिवे अपघातापूर्वी चालू स्थितीत होते काय यावर असतो. बॉनेटची किंमत त्याच्या कक्षेत येत नाही. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाल्यामुळे जुन्या विमापत्रावर एक नाव व नव्या अहवालावर दुसरे असे दिसू शकते. नगर आणि श्रीरामपूर येथील नोंदणीचे अनुक्रमे १६ व १७ हे क्रमांक मात्र कायम आहेत, आणि वाहनाची ओळख त्या क्रमांकावर व सांगाड्यावरील अंकांवर चालते.)

वर वर्णिलेली व्यवस्था किमतीची आहे, आकाराची नव्हे, हे नीट दिसण्यासाठी अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने बसविलेली सात चिन्हांची खूण तुलनेला घ्यावी. तिची मार्च १९८० ची आवृत्ती प्रसिद्ध आहे. पहिले दोन अंक आघाताची दिशा घड्याळाच्या काट्याप्रमाणे सांगतात, बारा म्हणजे थेट समोरून. मग एक अक्षर मोटारीच्या बाजूचे, एक आडव्या विस्ताराचे, एक उभ्या विस्ताराचे, एक हानीच्या तऱ्हेचे, आणि शेवटी खोलीचा एक ते नऊ अंक. मोटार उंच काठाखाली घुसली तर त्यासाठी निराळे अक्षर आहे. या सात स्थानांची रचना एखाद्या संश्लेषात्मक भाषेतील क्रियारूपासारखी आहे : प्रत्येक स्थानाला ठरलेले कार्य, आणि क्रम अढळ. ती आघाताच्या अभ्यासकांसाठी आहे. तिच्यात रुपया नाही आणि घसाराही नाही. नगरजवळच्या वाहन संशोधन व विकास संस्थेसारख्या, वाहनांना चाचणी-प्रमाणपत्रे देणाऱ्या ठिकाणी ज्या अर्थाने हानी मोजली जाईल तो अर्थ या खुणेला जवळचा आहे. विम्याचा तक्ता त्यापासून दूर आहे, आणि त्याने दूर असावे हे त्याच्या प्रयोजनाला धरूनच आहे.

नुकसान फार मोठे असेल तर भागांची मोजदादच थांबते. मोटार आणण्याचा व दुरुस्तीचा एकत्रित खर्च विमा-घोषित मूल्याच्या शेकडा ७५ हून अधिक होत असेल तर तिला अर्थतः संपूर्ण हानी मानतात. लोक ‘टोटल लॉस’ म्हणतात. तीन ते चार वर्षांच्या मोटारीचे घोषित मूल्य नव्या किमतीतून शेकडा ४० वजा करून येते. नवी किंमत ८ लाख असल्यास ते ४ लाख ८० हजार, आणि सीमारेषा ३ लाख ६० हजारांची. याखेरीज भंगाराची किंमत वजा करून किंवा रोख तडजोडीने दावा मिटविण्याच्या रीती आहेत. ब्रिटनमध्ये अशा मोटारींना १ ऑक्टोबर २०१७ पासून चार अक्षरी वर्ग लावतात : ए म्हणजे सर्वस्वी चुराडा करावयाची, बी म्हणजे सांगाडा मोडून सुटे भाग तेवढे वापरावयाची, एस म्हणजे सांगाड्याला इजा झालेली पण दुरुस्त होऊ शकणारी, आणि एन म्हणजे सांगाडा शाबूत असलेली. तो वर्ग मोटारीच्या नावावर राहतो व पुढच्या खरेदीदाराला कळू शकतो. भारतात वाहन नष्ट झाल्यास किंवा कायमचे निकामी झाल्यास मालकाने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे असे कलम ५५ सांगते. पण दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर आलेल्या मोटारीच्या नोंदणीपत्रावर अशी वर्गखूण उमटत नाही. सर्वेक्षकाने ‘सांगाडा पिळवटलेला’ असे लिहिलेले वाक्य कंपनीच्या दप्तरात राहते आणि मोटार बाजारात जाते.

दप्तरात मुळीच न येणारी हानी तर याहून पुष्कळ. दावा न केल्याबद्दलची सूट पहिल्या वर्षानंतर शेकडा २० आणि पाच वर्षांनंतर ५० पर्यंत चढते, आणि ती मोटारीची नसून विमेदाराची असते. मोटार विकली तरी सूट त्याच्याकडे राहते. ज्याची सूट पन्नासावर पोचली आहे तो मालक दरवाजाच्या एका पोच्यासाठी ती गमावण्यास तयार होत नाही. तो गॅरेजात जातो, पत्रा ठोकून घेतो, रंग मारून घेतो आणि पैसे देऊन निघून जातो. पुढे कधी तोच दरवाजा मोठ्या अपघातात सापडला, तर सर्वेक्षकाला लांबीचे पोपडे दिसतात आणि तो आपल्या तक्त्यात ‘जुनी हानी, अमान्य’ असे लिहितो.